बॅटरी बदलली की गाडी नेमकं काय विसरते?

एप्रिल लागला की सोलापुरात बॅटरीच्या दुकानांपुढं गाड्या थांबायला लागतात. पारा ४२-४३ वर गेलेला असतो आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. उष्णतेनं बॅटरीतलं पाणी उडतं, आतल्या शिशाच्या जाळ्या भराभर गंजतात. तापमान दहा अंशांनी चढलं की बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं, असा ढोबळ हिशोब या धंद्यात धरतात. थंडीत बॅटरी मरते असं लोक म्हणतात, पण थंडीत ती मेलेली कळते एवढंच. मारलेलं असतं उन्हाळ्यानं.

अलीकडं दुकानात एक नवा प्रश्न ऐकू येतो. "सर, मेमरी सेव्हर लावू का? नाहीतर सेटिंग जातंय." सेव्हर म्हणजे बॅटरी बाहेर असताना गाडीला घोटभर वीज देत राहणारी छोटी जोडणी. त्याचे पैसे वेगळे. गिऱ्हाईक घाबरून हो म्हणतं नाहीतर चिडून नको म्हणतं. दोन्ही वेळा नेमकं काय जाणार हे त्याला ठाऊक नसतं, आणि बऱ्याचदा विचारणाऱ्यालाही नसतं.

उत्तर आधीच सांगून टाकतो. बहुतेक गाड्यांत जे जातं ते फुकटात परत येतं, आणि जे गेलं तर खरंच महागात पडेल ते बॅटरीच्या भरवशावर ठेवलेलंच नसतं. मध्ये थोड्या गाड्या उरतात, सेव्हर त्यांच्यासाठी. पण तोच सेव्हर चुकीचा लावला तर विसरण्यापेक्षा जास्त नुकसान करतो.

## जकार्डची कार्डं आणि विणकराचा हात

आजच्या गाडीत एक नाही, अनेक छोटे संगणक असतात. इंजिनाचा कारभार बघतो तो ईसीयू. गिअरबॉक्स, एअरबॅग, काचा आणि लॉक, समोरचं मीटर यांचे आणखी वेगळे. या सगळ्यांची स्मरणशक्ती दोन जातींची असते.

सोलापुरी चादरीचं उदाहरण घ्या. तिच्यावरची नक्षी जकार्डच्या कार्डांवर भोकांच्या रूपानं पाडलेली असते. लाईट गेली, माग थांबला, कारखाना महिनाभर बंद राहिला तरी भोकं बुजत नाहीत. पण त्याच मागावरचा जुना विणकर सुताचा ताण, हवेतला कोरडेपणा, त्या मागाची खोड बघून जे हातानं कमी-जास्त करतो ते कार्डावर कुठंच नसतं. ते त्याच्या डोक्यात असतं. उद्या नवा माणूस बसवला तर चादर तीच निघेल, पण पहिल्या दिवशी धागे जास्त तुटतील.

गाडीतली कायमची मेमरी म्हणजे ही कार्डं. तिला वीज लागत नाही. एकूण किलोमीटर, चावीची ओळख, एअरबॅगच्या नोंदी, डिझेल गाडीत प्रत्येक इंजेक्टरचा कोड आणि ईसीयूचा मूळ प्रोग्राम, सगळं तिच्यात. बॅटरी आठवडाभर काढून ठेवली तरी यातलं काही पुसलं जात नाही. 'किलोमीटर शून्य होतील का' आणि 'चावी चालायची बंद होईल का' या दोन्ही भीतींचं उत्तर इथंच मिळतं: नाही.

तात्पुरती मेमरी मात्र सतत थोडी वीज मागते. गाडी बंद करून, कुलूप लावून तुम्ही घरी झोपलेले असता तेव्हाही बॅटरीतून साधारण २० ते ५० मिलिअँपिअर इतका प्रवाह चालूच असतो. तो तुटला की घड्याळ, रेडिओची स्टेशनं, ट्रिप मीटर, सरासरी मायलेजचा आकडा, काच एका दाबात वर जाण्याची सोय, असं बरंच काही जातं. शिवाय इंजिनानं चालता चालता शिकून ठेवलेल्या दुरुस्त्या जातात. खरी गोष्ट या शेवटच्या मुद्द्यात आहे, घड्याळात नाही.

## गाडी सिग्नलला बंद का पडते?

बॅटरी नवीन टाकली, गाडी झकास सुरू झाली आणि सात रस्त्याच्या सिग्नलला गपकन बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुढच्या चौकात पुन्हा तेच. मालकाला वाटतं, बॅटरीवाल्यानं काहीतरी बिघडवलं. त्यानं काही बिघडवलेलं नसतं.

इंजिनात हवा जाते त्या वाटेवर एक झडप असते, थ्रॉटल. पाय उचललेला असतानाही ती किंचित उघडी राहते आणि तेवढ्या हवेवर इंजिन ७००-८०० फेऱ्यांवर संथ चालतं. साठ-सत्तर हजार किलोमीटरनंतर झडपेच्या कडेला काळा, चिकट थर साचतो आणि फट अरुंद होते. ईसीयूला हे हळूहळू उमगत जातं. तो झडप दर वेळी केसभर जास्त उघडतो, आणि ही दुरुस्ती लक्षात ठेवतो. गाडी चालवणाऱ्याला वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही.

बॅटरी निघाली, दुरुस्ती पुसली गेली. आता ईसीयू नव्या कोऱ्या, स्वच्छ झडपेच्या हिशोबानं फट ठेवतो. पण झडप स्वच्छ नाही. हवा पुरत नाही आणि इंजिन दम तोडतं. त्यात एसी चालू असेल तर आणखी ओझं. दोष बॅटरीचा नाही आणि सेव्हर न लावण्याचाही नाही. काजळी आधीपासून होती, आज उघडी पडली इतकंच. अशा गाडीत थ्रॉटल साफ करून घेणं हाच खरा इलाज. सेव्हर लावून ती काजळी आणखी दोन वर्षं झाकून ठेवण्यात काय हशील, हे मालकानं ठरवावं.

इंधनाचंही असंच. हवेत किती पेट्रोल मिसळायचं याचा पाया कारखान्यात ठरतो, पण इंजेक्टर किती झिजलेत, सेन्सर किती म्हातारा झालाय हे बघून ईसीयू काही टक्के कमी-जास्त करत राहतो. हे पुसलं गेलं तर एक-दोन दिवस पिकअप जरा मंद वाटतो, मायलेज थोडं हलतं. मग आपोआप जागेवर येतं. ऑटोमॅटिक गिअरच्या काही गाड्यांत क्लच किंवा गिअर कधी, किती दाबानं जोडायचा हेही शिकलेलं असतं. तिथं सुरुवातीला झटके जाणवतात.

## नव्या गाड्या कमी विसरतात

बऱ्याच नव्या गाड्यांत ईसीयू दिवसभराची शिकवण रोज कायमच्या मेमरीत उतरवून ठेवतो. दुकानदार शटर ओढण्याआधी दिवसाची विक्री वहीत लिहितो, तसंच. हे लिहिणं चावी बंद केल्यानंतर चालतं. इंजिन थांबलं तरी ईसीयू स्वतःचा वीजपुरवठा थोडा वेळ धरून ठेवतो, काम उरकतो आणि मगच झोपतो. बाकीचे संगणकही एकामागून एक झोपतात. काही गाड्यांत हे पाच-दहा मिनिटांत होतं, काहींत वीस-तीस मिनिटं लागतात.

चावी बंद केल्या केल्या टर्मिनल उपसणं म्हणूनच वाईट. दुकानदार वही लिहीत असताना दिवा विझवण्यासारखं ते आहे. दहा मिनिटं चहा प्या, मग पाना लावा. या एका सवयीनं सेव्हरची अर्धी गरज संपते.

## सेव्हर म्हणजे टाकी धुताना ठेवलेला ड्रम

नळाला रोज पाणी न येणाऱ्या सोलापुरात हे वेगळं समजवायला नको. गच्चीवरची टाकी धुवायची तर आधी एक ड्रम भरून ठेवायचा. मोठी टाकी रिकामी असेपर्यंत घर त्यावर चालतं. मेमरी सेव्हर म्हणजे तोच ड्रम: एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी आणि तिला गाडीच्या वायरिंगशी जोडणारी वायर. मोठी बॅटरी बाहेर असते तेवढा वेळ संगणकांना घोटभर वीज मिळत राहते.

ती जोडायची कुठं, यात गफलत होते. जुना मार्ग सिगारेट लायटरचा. पण आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांत चावी बंद केली की ते सॉकेटच मरतं. मग तिथं सेव्हर लावला काय आणि न लावला काय. चावी काढून त्यात मोबाईलचा चार्जर लावा. दिवा लागला नाही तर तो मार्ग बंद.

दुसरा मार्ग ओबीडी पोर्टचा. गाडीतले दोष वाचायला मिस्त्री स्कॅनर लावतात तो स्टेअरिंगखालचा सोळा पिनांचा सॉकेट. एप्रिल २०१३ पासून भारतात ओबीडीचा, म्हणजे गाडीनं स्वतःचे दोष स्वतः ओळखण्याच्या नियमाचा, दुसरा टप्पा लागू झाला, त्यामुळं त्यानंतरच्या गाड्यांत तो असतोच. त्याआधीच्याही अनेक गाड्यांत आहे. रुंद बाजू वर धरून समोरून पाहिलं तर वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८, खालच्या ओळीत ९ ते १६. खालच्या ओळीतली अगदी उजवी, म्हणजे १६ नंबरची पिन बॅटरीच्या प्लसला जोडलेली असते. वरची चौथी पिन अर्थिंगची, म्हणजे मायनसची. चावी बंद ठेवून मल्टिमीटरनं या दोन पिनांमध्ये १२ च्या वर व्होल्ट दिसले की पोर्ट कामाचा. काहीच दिसलं नाही तर त्याचा फ्यूज आधीच उडालेला आहे. तो तसाच ठेवून सेव्हर लावला तर नुसता देखावा होतो.

आता ड्रम केवढा? नऊ व्होल्टच्या चौकोनी सेलवर चालणारे स्वस्त सेव्हर विकले जातात. त्या सेलमध्ये जेमतेम अर्धा अँपिअर-तास माल असतो. सगळं झोपलेलं असेल तर तो तग धरतो. पण दरवाजा उघडला, छतावरचा पाच वॅटचा बल्ब लागला, तर एकट्या त्या बल्बला ०.४ अँपिअर लागतात. दरवाज्यासोबत दोन-चार संगणक जागे झाले की मागणी दोन ते पाच अँपिअरवर जाते आणि सेल तिथंच मान टाकतो. त्यापेक्षा यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी बरी. सगळं जागं राहिलं तरी ती तासभर निभावते. वायरमध्ये पाच अँपिअरचा फ्यूज हवाच. तयार सेव्हरमध्ये एक डायोडही असतो. तो एकतर्फी दार आहे: छोटीकडून गाडीकडं वीज जाते, उलटी येत नाही.

## प्लसची वायर जिवंत राहते, हे विसरू नका

साध्या पद्धतीत बॅटरी काढली की गाडीत वीज उरत नाही. सेव्हर लावलेला असेल तर मोकळ्या लटकणाऱ्या प्लसच्या क्लॅम्पमध्ये वीज असतेच. तो बॉनेटच्या पत्र्याला, इंजिनाला कुठंही टेकला की ठिणगी पडते आणि फ्यूज उडतो. नशीब चांगलं असेल तर सेव्हरचा, नसेल तर गाडीतला ओबीडीचा. काही गाड्यांत त्याच फ्यूजवर आतला दिवा, हॉर्न किंवा लायटरही असतो. मग 'बॅटरी बदलली आणि हॉर्न गेला' ही तक्रार घेऊन लोक वायरमनकडं जातात.

उपाय फुकटातला आहे. सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा कापायचा, क्लॅम्प निघाल्याबरोबर त्यावर मोज्यासारखा चढवायचा आणि टोक दुमडून दोरीनं बांधायचं. फडकं गुंडाळतात ते सुटतं. त्यात ते ओलं असलं तर बोलायलाच नको.

## प्रत्यक्ष बदलताना

चालकाकडची काच खाली करा. सेव्हरची वायर त्या काचेतून आत न्या आणि दरवाजे सगळे बंद ठेवा, म्हणजे आतले दिवे लागत नाहीत. काच उघडी ठेवण्याचं दुसरंही कारण आहे. वीज गेली-आली की काही गाड्या स्वतःला लॉक करून घेतात, आणि चावी आत सीटवर असते. चावी खिशात ठेवा. बटणावर सुरू होणारी गाडी असेल तर ती चावी गाडीपासून चार-पाच मीटर लांब ठेवा, कारण जवळ आली की संगणक जागे होतात. बॅटरी डिकीत असेल आणि डिकीचं कुलूप विजेवर चालत असेल तर काम संपेपर्यंत डिकी लावू नका.

दहा मिनिटं झाली की सेव्हर जोडा. मग आधी मायनस काढा, नंतर प्लस. पाना बहुधा दहा नंबरचा लागतो. मायनस आधी का? गाडीचा सगळा पत्रा मायनसला जोडलेला असतो. मायनस सुटलं की प्लस खोलताना पाना पत्र्याला लागला तरी मोठी बॅटरी भडकत नाही. सेव्हरची वीज मात्र तिथं आहेच, म्हणून ट्यूब तयार हवी. प्लस निघालं की लगेच ट्यूब, मग खालची पट्टी सोडून बॅटरी उचला. लहान गाडीची नऊ-दहा किलो, मोठ्या डिझेलची सोळा-अठरा. कंबर सांभाळा.

क्लॅम्पवरची पांढरी-हिरवट बुरशी कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशनं घासा आणि कोरडी करा. नवी बॅटरी बसवण्याआधी तिचे व्होल्ट बघा. १२.४ च्या खाली असेल तर ती दुकानात पडून उतरलेली आहे, चार्ज करून मागा. नंबरातलं शेवटचं एल किंवा आर हे अक्षरही बघा. ते टर्मिनल कोणत्या बाजूला ते सांगतं. चुकलं तर वायर पोचत नाही, आणि ओढून पोचवली तर उलटं कनेक्शन होण्याचा धोका. प्लसचा खांब मायनसपेक्षा जाड असतो, हातोडीनं ठोकून क्लॅम्प बसवायची वेळ आली तर थांबा.

जोडताना क्रम उलटा: आधी प्लस, मग मायनस. वरून पेट्रोलियम जेलीचा हात. आणि स्टार्टर मारण्याआधी सेव्हर काढा. स्टार्टर शे-दीडशे अँपिअर ओढतो, त्यातला थोडासा हिस्सा जरी त्या बारीक वायरीतून जायला निघाला तरी फ्यूज गेलाच.

## "आमचे मिस्त्री चालू गाडीतच बॅटरी काढायचे"

काढायचे, खरं आहे. अँबॅसिडर, पद्मिनी या गाड्यांत कार्ब्युरेटर होता, संगणक नव्हता, म्हणून ते खपून गेलं. इंजिन चालू असताना बॅटरी ही अल्टरनेटरच्या चढउतारांसाठी गादीचं काम करते. ती गादी एकाएकी काढली तर १४ व्होल्टचा दाब क्षणभरासाठी ४० च्याही वर उडी मारू शकतो. तेवढा क्षण ईसीयू जाळायला पुरतो. आजच्या गाडीत ही युक्ती करायला निघालेल्या माणसाच्या हातून पाना काढून घ्या.

## "सेव्हर न लावता बदलली, आता काय?"

घाबरायचं कारण नाही, गाडीला पुन्हा शिकवायचं. चावी 'ऑन'ला आणून, सुरू न करता अर्धा मिनिट थांबा, बंद करा, मग सुरू करा. एसी, दिवे बंद, पाय ॲक्सिलरेटरवरून बाजूला. रेडिएटरचा पंखा एकदा फिरून थांबेपर्यंत तसंच चालू द्या, साधारण दहा मिनिटं. नंतर एसी लावून आणखी पाच मिनिटं. एसीचं ओझं असतानाची फट ईसीयू वेगळी शिकतो, म्हणून ही दुसरी फेरी. एवढं करूनही बंद पडत असेल तर ती वर सांगितलेली काजळी.

मग वीस-तीस किलोमीटर वेगवेगळ्या वेगानं चालवा. सोलापूरकरांना यासाठी तुळजापूरचा रस्ता आयताच आहे: गावातली गर्दी, मग हायवेचा एकसारखा वेग, शेवटी चढ. नवी बॅटरी टाकून लोक तसंही देवीला जाऊन येतात.

काचेसाठी: पूर्ण खाली, मग पूर्ण वर, आणि वर गेल्यावर बटण आणखी चार-पाच सेकंद ओढून धरा. प्रत्येक काच तिच्या स्वतःच्या दरवाज्यावरच्या बटणानं. हे करेपर्यंत काचेत बोट अडकलं तर मागं फिरण्याची सोय चालेलच असं नाही, तेव्हा मुलांना लांब ठेवा. मीटरमध्ये स्टेअरिंगचा किंवा घसरणरोधकाचा पिवळा दिवा राहिला असेल तर इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग एकदा पूर्ण डावीकडं, एकदा पूर्ण उजवीकडं फिरवा आणि थोडं सरळ चालवा. बहुतेक वेळा दिवा जातो. काही अंतर जाऊनही राहिला तर स्कॅनर लावावा लागेल.

रेडिओनं कोड मागितला तर मात्र अंदाजानं आकडे दाबत बसू नका. काही प्रयत्न चुकले की तो तासभर किंवा जास्त वेळ कुलूपबंद होतो. होंडा, रेनॉ, फोक्सवॅगनच्या काही मॉडेलांत असे चोरीरोधक कोड असतात. कार्ड मॅन्युअलच्या पाकिटात सापडतं. बॅटरी बदलण्याआधी ते शोधून ठेवलं तर तेवढ्यासाठी सेव्हर लागत नाही.

## "मग सेव्हर घ्यायचा कुणी?"

ज्याच्या रेडिओचा कोड हरवलाय त्यानं. ज्याची ऑटोमॅटिक गाडी मागच्या वेळी बॅटरी काढल्यावर दोन दिवस झटके देत होती त्यानं. सनरूफ, सीटची मेमरी, विजेवर चालणारी डिकी अशी चैन असलेल्या गाडीत प्रत्येक वस्तू पुन्हा शिकवत बसायचा कंटाळा असेल तर त्यानंही. साध्या हॅचबॅकला, आणि कार्ब्युरेटरच्या जमान्यातल्या गाडीला तर अजिबात, गरज नाही.

काही गाड्यांत सेव्हर लावूनही काम अर्धवट राहतं. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होतं त्या गाडीत मायनसच्या क्लॅम्पवर एक छोटा सेन्सर असतो. तो बॅटरी किती थकली याचा हिशोब ठेवतो. काही युरोपीय गाड्यांना नवी बॅटरी बसल्याचं स्कॅनरनं सांगावं लागतं, नाहीतर त्या नव्या बॅटरीला म्हातारी समजून चार्ज करत राहतात. इथं सेव्हर उलट जुना हिशोब जपतो, जो खरं तर पुसायला हवा. अशा गाडीत बॅटरीही ईएफबी किंवा एजीएम या जास्त मजबूत जातीचीच लागते. साधी टाकली तर ती लवकर बसते. इलेक्ट्रिक गाडीतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते, पण ती बदलण्याची पद्धत त्या मॉडेलच्या पुस्तकातूनच बघावी, आणि नारिंगी वायरींना हात लावू नये.

## "बॅटरी काढून ठेवली तर मायलेज वाढतं म्हणे"

हा समज फार पसरलाय. शिकलेल्या दुरुस्त्या पुसल्यावर एक-दोन दिवस गाडी वेगळी वाटते आणि माणसाला ते चांगलं वाटतं, एवढंच. मूळ कारण, म्हणजे खराब सेन्सर किंवा घाण एअर फिल्टर, तसंच असेल तर ईसीयू त्याच जागी परत येतो. इंजिनाचा दिवा घालवण्यासाठी टर्मिनल काढणंही तसलंच. दिवा जातो, दोष राहतो, आणि मिस्त्रीला शोधायला उपयोगी पडली असती ती नोंदच पुसली जाण्याची शक्यता असते.

जुनी बॅटरी दुकानातच द्या. तिचे पैसे नव्या बॅटरीच्या बिलातून वजा होतात, आणि २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावणं ही बनवणाऱ्यांची जबाबदारी आहे. इंजिन चालू असताना टर्मिनलवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले म्हणजे अल्टरनेटर नवीचं पोट भरतोय. आणि निघण्याआधी स्टेअरिंगखाली एकदा हात घालून बघा. सेव्हरची पिन पुष्कळदा तिथंच लटकत राहिलेली असते.